चिखलदऱ्याचा घाट : दारव्ह्याहून जाणाऱ्यांसाठी

चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण. अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर ते वसले आहे. दारव्हा, दिग्रस, नेर भागातील कुटुंबे पावसाळा लागला की तिकडे निघतात. कधी स्वतःच्या मोटारीने, कधी भाड्याच्या क्रूझर किंवा बोलेरोने, तर तरुण मंडळी दुचाकीवर. दारव्ह्यापासूनचा प्रवास ढोबळमानाने पावणेदोनशे किलोमीटरचा आहे. त्यातला फार मोठा भाग कपाशी-सोयाबीनच्या सपाट शिवारातून जातो आणि शेवटचे तीसेक किलोमीटर घाटाचे आहेत. या सहलीतला धोका जवळजवळ सगळा त्या शेवटच्या पट्ट्यात असतो, त्यातही वर जाताना कमी आणि खाली येताना जास्त. तरीही बहुतेक सहली आखताना विचार होतो तो जाण्याचा. किती वाजता निघायचे, वाटेत नाश्ता कुठे करायचा, कोणते पॉइंट पाहायचे, हे सगळे ठरलेले असते. घाट किती वाजता उतरायचा, हे मात्र कोणी ठरवत नाही. आखणी खरे तर तिथूनच सुरू व्हायला हवी.

दारव्ह्याहून डोंगराच्या पायथ्याच्या परतवाड्याला पोचण्याचे दोन सोयीचे मार्ग आहेत. पहिला नेर, अमरावती, वलगाव, आसेगाव असा. दुसरा कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी असा. अमरावतीमार्गे शहराची गर्दी लागते, पण दवाखाने, गॅरेज, पेट्रोल पंप आणि खाण्यापिण्याची सोय वाटेवर मिळते. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर हा मार्ग बरा. मूर्तिजापूरची वाट जुन्या माणसांच्या चांगल्या ओळखीची आहे, कारण शकुंतला रेल्वे त्याच दिशेने जात असे. दारव्हा मोतीबाग स्थानकातून मूर्तिजापूर गाठायचे आणि तिथून परतवाड्याला लागून असलेल्या अचलपूरची गाडी धरायची, असा नॅरोगेजवरचा प्रवास होता. ती गाडी बंद पडल्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायला रस्त्याखेरीज पर्याय उरलेला नाही.

परतवाड्यावरून वर जाणारे रस्तेही दोन आहेत. एक धामणगाव गढी आणि मोथा गावावरून चढतो. हा जवळचा आहे, म्हणून बहुतेक गाड्या याच वाटेने जातात. दुसरा परतवाडा-धारणी रस्त्याने घटांगपर्यंत जातो आणि तिथून चिखलदऱ्याकडे वळतो. अंतर थोडे वाढते आणि जंगल अधिक दाट लागते. गर्दीच्या दिवसांत प्रशासन कधी कधी एकेरी वाहतूक लावते आणि जाण्यासाठी एक, येण्यासाठी दुसरा रस्ता ठरवून देते. त्यामुळे शनिवार-रविवारी किंवा पंधरा ऑगस्टच्या सुमारास जाणाऱ्यांनी परतवाड्यात पोलिसांकडे चौकशी करूनच घाटाला लागावे. सेमाडोहकडून चिखलदऱ्याला येणारी तिसरी वाट मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते. डोंगराची सवय नसलेल्या चालकाने पहिल्याच खेपेला तिच्या नादी लागू नये.

धामणगावकडून डोंगरात शिरणे पूर्वीपासूनच कष्टाचे होते. डिसेंबर १८०३ मध्ये ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने याच बाजूने डोंगर ओलांडून गडाच्या उत्तरेचे लबाडा गाठले. वाट नव्हती, ती सैनिकांना स्वतः करावी लागली आणि अवजड तोफा बव्हंशी हातांनी ओढून न्याव्या लागल्या. १५ डिसेंबरला गड पडला. आज त्या डोंगरावर डांबर आहे, कठडे आहेत, वळणांच्या पाट्या आहेत. पण चढ, दऱ्या आणि खडक तेच आहेत.

हा खडक बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या जमिनीला जन्म देणाराच. त्याचे थर एकावर एक बसलेले असतात आणि मधले काही थर झिजून भुसभुशीत झालेले असतात. पावसाचे पाणी भेगांतून आत झिरपते, मधला थर ढिला होतो आणि वरचे दगड सुटतात. चिखलदऱ्याचा पाऊस खालच्या वऱ्हाडाच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये डोंगराच्या बाजूने रस्त्यावर दगडगोटे, माती, मोडलेल्या फांद्या येऊन पडणे नित्याचे असते. रात्रभर मुसळधार पाऊस झाला असेल तर सकाळी घाट चढण्याची घाई करू नये. परतवाड्यात चहा घ्यावा, वरून उतरलेल्या एस.टी.च्या किंवा दुधाच्या गाडीच्या चालकाला रस्ता विचारावा आणि मगच निघावे. कोणत्याही नकाशाच्या ॲपपेक्षा ही माहिती ताजी असते.

दगडांबरोबर धुकेही धोक्याचे. सप्टेंबर २०२३ मध्ये चिखलदऱ्याजवळच्या मडकी गावापाशी तेलंगणातून आलेल्या पर्यटकांची मोटार दरीत कोसळली आणि चौघांचा मृत्यू झाला. तेव्हा परिसरात पाऊस आणि धुके होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ अमरावतीहून धारणीकडे जाणारी खासगी बस पुलावरून खाली गेली. मोटारीतली मंडळी बाहेरून आलेली होती, अशा बसच्या चालकाला मात्र रस्ता बहुधा ओळखीचा असतो. रस्ता पाठ असल्याने माणूस वेग घेतो आणि रस्ता अनोळखी असल्याने वळण चुकते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट घाटात अपघाताला पुरेशी ठरते.

आता वेळेचे गणित. दारव्ह्याहून पहाटे पाचला निघालेली गाडी, वाटेतला नाश्ता धरून, दहा-साडेदहाच्या सुमारास वर पोचते. पॉइंट पाहणे, जेवण, मुलांचे घोड्यावर बसणे यांत दुपार सरते. चार वाजता कोणीतरी सूर्यास्ताचे नाव काढते. मग साडेसहाला अंधार पडता पडता गाडी घाटाला लागते आणि चालक तोपर्यंत साडेतेरा तासांहून अधिक वेळ जागा असतो. पावसाळ्यात ढगांमुळे वर अंधार आणखी लवकर होतो, संध्याकाळी धुके दाटते, जनावरे रस्त्यावर येतात. दिवसातली सर्वांत वाईट वेळ आणि रस्त्याचा सर्वांत वाईट भाग असे दोन्ही एकत्र येतात. एका दिवसात जाऊन येण्याची सहल याच कारणाने धोक्याची आहे. ज्यांना जमेल त्यांनी वर एक रात्र मुक्काम करावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आणि बरीच खासगी लॉज तिथे आहेत, फक्त पावसाळ्यातल्या शनिवारसाठी खोली आधी ठरवावी लागते. मुक्काम शक्यच नसेल तर दुपारी तीनला गाडी चिखलदऱ्यातून हललीच पाहिजे, हे दारव्ह्यात असतानाच सर्वांच्या देखत ठरवावे. पाहायचे दोन पॉइंट राहिले तर राहू द्यावेत. घरातल्या वडीलधाऱ्याने ही वेळ सांभाळण्याची जबाबदारी घेतली तर चालकावर दबाव येत नाही. भाड्याच्या गाडीचा चालक पोरांच्या आग्रहापुढे सहसा काही बोलत नाही.

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून मधला वार धरावा. सुट्टीच्या दिवशी अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या अडकतात, पाठीमागचे हॉर्न वाजवतात आणि नवखा चालक गोंधळून चुकीच्या जागी पुढे काढतो. पावसाळाच हवा असा आग्रह नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ अतिशय चांगला. हिरवळ टिकून असते, धबधबे बारीक झालेले असले तरी दऱ्या स्वच्छ दिसतात आणि रस्ता कोरडा असतो.

गाडीची तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन-चार दिवस आधी करावी, म्हणजे काही निघाले तर दुरुस्तीला सवड मिळते. मिस्त्रीला नुसते ‘गाडी बघून दे’ असे सांगू नये. चाके काढून ब्रेकचे पॅड आणि लाइनर पाहायला सांगावे. ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले ते विचारावे. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की कमी तापमानाला उकळते. डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असतो, ओलावा शोषलेल्या तेलाचा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. दारव्हा-यवतमाळ ये-जा करणाऱ्या गाडीला हा फरक कधीच जाणवत नाही, घाटात तो जिवावर बेततो. दोन वर्षे उलटली असतील तर तेल बदलून घ्यावे. टायरच्या खाचा मोटारीसाठी निदान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात असा नियम आहे, पण ओल्या घाटासाठी तेवढ्यावर विसंबू नये. गुळगुळीत होत आलेला टायर बदलूनच जावे. स्टेपनीत हवा आहे का, जॅक व पाना गाडीत आहे का, वायपरचे रबर काच नीट पुसते का, हँडब्रेक चढावर गाडी धरतो का, मागचे लाल दिवे लागतात का, हेही पाहावे. काचेच्या आतल्या बाजूची वाफ काढणारा पंखा चालू असणे पावसात फार महत्त्वाचे आहे. टाकी परतवाड्यातच भरावी.

सामान आणि माणसे यांबाबत हात आखडता घ्यावा. सात आसनांच्या गाडीत दहा जण कोंबणे आणि टपावर सतरंज्या, भांडी, गॅसची शेगडी बांधणे ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. टपावरच्या वजनाने वळणावर गाडी बाहेर झुकते आणि उतारावर ब्रेकवर जास्तीचा भार येतो. मंडळी जास्त असतील तर दुसरी गाडी करावी किंवा एस.टी.ने जावे. अमरावती आणि परतवाड्याहून चिखलदऱ्यासाठी बस मिळते. रोज घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाच्या हाती प्रवास सोपवणे हा या सहलीचा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, तो कमीपणाचा मुळीच नाही.

चालक कोण, हा प्रश्न त्याहून मोठा. सपाट रस्त्यावर वीस वर्षे गाडी चालवलेला माणूस घाटात नवशिका असू शकतो. यवतमाळ जिल्ह्यातही चढउतार आहेत, पण सातशे मीटर सलग उतरण्याचा प्रसंग इथल्या चालकाला रोज येत नाही. भाड्याची गाडी ठरवताना मालकाला सरळ विचारावे की येणारा चालक चिखलदऱ्याला किंवा पचमढीला जाऊन आला आहे का. आदल्या रात्री तो लग्नाची वरात सोडून आलेला नसावा, हेही पाहावे. त्याला वर जेवणानंतर तासभर झोपू द्यावे. त्या वेळेत पॉइंट पायी किंवा तिथल्या स्थानिक वाहनाने पाहता येतात. दोन गाडी चालवणारे असतील तर दुसऱ्याने पहाटेची सपाटीवरची गाडी चालवावी आणि घाटाची सवय असलेल्याने चढ-उतार घ्यावा.

चढताना गिअर वेळेवर खाली घेणे एवढीच मोठी गोष्ट असते. इंजिन धापा टाकायला लागल्यावर नव्हे, वळणाच्या आधीच सेकंडवर यावे. यू आकाराच्या वळणावर गाडी आपल्या बाजूलाच राहील इतका वेग ठेवावा, कारण वरून येणाऱ्या एस.टी.ला किंवा ट्रकला असे वळण घेताना जवळजवळ सगळा रस्ता लागतो. वळणावर बस दिसली तर पुढे घुसू नये, वळणाच्या अलीकडे थांबून तिला आधी जाऊ द्यावे. अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट देण्याचा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचे असते, कारण चढावर एकदा थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवताना मागे घसरू शकते. हा नियम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो, म्हणून आपल्या बाजूने बरोबर असलो तरी समोरचा थांबतो की नाही ते पाहावे. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा. घाटात तो उद्धटपणाचा मानत नाहीत. इंजिनच्या तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करावा आणि रुंद जागा पाहून थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह टाळावा. उकळते पाणी तोंडावर उडून भाजल्याच्या घटना घडतात.

उतरण्याचे शास्त्र मात्र नीट समजून घेतले पाहिजे. परतवाड्याची उंची चारशे मीटरच्या आसपास धरली तर गाडी सुमारे सातशे मीटर खाली येते. माणसांसह दीड टन वजनाची मोटार एवढी खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तेवढीत नळाचे तीस लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. चालक पूर्ण वाट ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर ती चार चाकांतल्या लहान लोखंडी तबकड्यांत आणि ड्रममध्ये जाते. ते तापले की लाइनरची पकड कमी होते. आणखी तापले की ब्रेक ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पायाखालचे पेडल मऊ होऊन खाली बसते. हे एकाएकी होत नाही. आधी जळक्या लाइनरचा उग्र वास येतो, मग पेडल नेहमीपेक्षा जास्त दाबावे लागते. वास येताच पुढच्या वळणाची वाट न पाहता सुरक्षित जागी थांबले तर काहीच बिघडत नाही. ब्रेक निवायला अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये, तबकडी वाकडी होते किंवा तडकते.

उपाय जुना आणि सोपा आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. सेकंडवर घेतलेल्या गाडीला इंजिन स्वतःच मागे ओढते. इंजिनचा आवाज वाढतो, नवख्याला वाटते की गाडीला त्रास होतो आहे, आणि तो वरचा गिअर टाकतो. तो आवाज चांगला आहे, गाडी धरली गेल्याची ती खूण आहे. ब्रेक लागेल तिथे नेटाने दाबून वेग उतरवावा आणि पूर्ण सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळेत हवा लागून तो निवतो. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करावा. ओल्या रस्त्यावर वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक दाबला की चाके घसरतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरणे किंवा इंजिनच बंद करणे हा निव्वळ आत्मघात आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारा जोर दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होते आणि चावी मागे फिरली तर ते कुलूपबंदही होऊ शकते. वाचणारे तेल चहाच्या पैशांइतकेही नसते.

ऑटोमॅटिक गाडी असलेल्यांनी नुसत्या डी-वर उतरू नये. एल, २ किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय वापरावी आणि ती कशी लावायची ते दारव्ह्यातच शिकून घ्यावे. विजेवरच्या गाडीत उतारावर मोटर चाकांना मागे ओढते आणि बॅटरी भरते, पण वरच पूर्ण चार्ज करून निघाल्यास बॅटरीत जागा नसते आणि ही ओढ कमी होते. अशा गाडीने थोडी जागा ठेवूनच उतरायला सुरुवात करावी.

ब्रेक खरोखरच गेले तर पेडल भराभर दाबत राहावे, काही वेळा थोडा दाब परत येतो. त्याच वेळी एकेक करून खालचा गिअर घ्यावा आणि हँडब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू वर घ्यावा. हॉर्न आणि दिवे चालू ठेवावेत. तरीही वेग आवरत नसेल तर गाडी दरीच्या बाजूला न नेता डोंगराच्या कडेला, नालीत किंवा मातीच्या ढिगाऱ्यात घासत थांबवावी. पत्रा चेपेल, माणसे वाचतील.

मोथ्याच्या आसपास पावसाळ्यातल्या सकाळी धुके असे येते की समोरच्या गाडीचा लाल दिवा दहा पावलांवर विरघळतो. अशा वेळी मोठा झोत लावला की पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्यातले थेंब प्रकाश परत डोळ्यांवर फेकतात. दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, फॉग लॅम्प असतील तर लावावेत. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून माणूस चालेल इतक्याच वेगाने जावे. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून जाणे धोक्याचे, ती चुकली तर दुसरीही चुकते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, वळण कोणत्या बाजूला घेणार हे मागच्याला कळत नाही. काहीच दिसेनासे झाले तर रस्त्यावर थांबू नये. गाव, हॉटेल किंवा रुंद मोकळी जागा येईपर्यंत रांगत जावे आणि तिथे पूर्ण बाजूला उतरावे. मोथ्यात गवळ्यांची वस्ती आहे, तिथे गरम दूध आणि खवा मिळतो. तासाभरात धुके बहुधा उठते.

घाटात गाडी लागणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि त्यातून अपघातही होतात, कारण मागे मूल ओकायला लागले की चालकाचे लक्ष जाते. घाटाआधी पोटभर मिसळ किंवा भजी खाऊ नयेत, पण पूर्ण उपाशीही राहू नये. ज्यांना नेहमी त्रास होतो त्यांनी गोळी घाट सुरू होण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी आणि मुलांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालकाने त्या घेऊ नयेत. आलेपाक किंवा लिंबू बरोबर ठेवावे, मोबाइल बंद करून समोरचा रस्ता पाहावा, त्रास होणाऱ्याला पुढे बसवावे. प्लास्टिकच्या पिशव्या प्रत्येक रांगेत हाताशी द्याव्यात. डोके किंवा हात खिडकीबाहेर काढू द्यायचा नाही. समोरून येणारी बस वळणावर किती जवळून जाते, हे मुलांना कळत नाही. मागच्या सीटवरही पट्टा लावावा.

दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी पावसाळ्यातला हा घाट योग्य नाही. जायचेच असेल तर दोघांपेक्षा जास्त बसू नये, दोघांनीही हेल्मेट घालावे, उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि ओल्या वळणावर पुढचा ब्रेक एकटा दाबू नये. वळणाच्या आतल्या बाजूला वाहून आलेली बारीक रेती असते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि चाक मात्र तिच्यावरून हमखास सरकते. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनची ओढ फारच कमी असते, ती परतवाड्यातच ठेवावी.

वर पोचल्यावर धोका संपत नाही. देवी पॉइंट, पंचबोल, हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, भीमकुंड ही सगळी कड्यांची ठिकाणे आहेत. कठड्यापलीकडचे गवत कड्याच्या अगदी टोकापर्यंत उगवते आणि खाली जमीन आहे असा भास करते. फोटोसाठी कठडा ओलांडणे, पाठमोरे मागे सरकणे, भीमकुंडाच्या वरच्या शेवाळलेल्या दगडांवर उतरणे, यांतून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घाटमाथ्यावर माणसे जातात. पंचबोलला हाक मारली की डोंगर ती परत देतात, ती मौज कठड्याच्या आत उभे राहूनही तेवढीच येते. गाविलगड पाहायला सकाळची वेळ ठेवावी. गड विस्तीर्ण आहे, पावसाळ्यात गवत कमरेइतके वाढते आणि जुन्या पायऱ्या निसरड्या होतात. पायात चप्पल नव्हे, बूट असावेत. माकडांना खायला घालू नये. त्या सवयीने ती घाटातल्या वळणावरही गाड्यांसमोर येऊन बसतात.

आजूबाजूचे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या नऊंमध्ये मेळघाट होता. संध्याकाळनंतर सांबर, रानगवा, अस्वल रस्ता ओलांडतात. रानगवा अंधारात दिसत नाही, त्याचा रंग रात्रीसारखाच असतो आणि धडक बसली तर गाडीची अवस्था ट्रकला धडकल्यासारखी होते. जनावर दिसले तर थांबावे, दिवे खाली करावेत, हॉर्न वाजवू नये, खाली उतरू नये. व्याघ्र प्रकल्पाच्या रस्त्याने रात्री जाऊ देतात की नाही, याची चौकशी वन विभागाच्या नाक्यावर आधीच करावी. वाटेवर कोरकू आदिवासींची गावे आहेत. गुरे-शेळ्या सकाळी चरायला निघतात आणि संध्याकाळी परत येतात, त्या वेळी गावाजवळ वेग अगदी उतरवावा.

मोबाइलची रेंज घाटात मधूनमधून जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि कोणत्या रस्त्याने, किती वाजता उतरणार हे घरी कळवून निघावे. गाडी बंद पडली तर वळणावर ठेवू नये, निदान वळणाच्या अलीकडे-पलीकडे ढकलून चाकाखाली दगड लावावेत, लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा आणि माणसांना डोंगराच्या बाजूला उभे करावे. निघताना ते दगड रस्त्याबाहेर टाकायचे विसरू नये, मागून येणाऱ्या दुचाकीला तेच उलथवतात. अपघात झाल्यास ११२ वर पोलीस आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते. जखमीला दरीतून ओढून काढताना मान-पाठ हलू देऊ नये. आग किंवा आणखी घसरण्याचा धोका नसेल तर मदत येईपर्यंत त्याला आहे तसे ठेवून रक्तस्रावाची जागा दाबून धरावी. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, गंभीर रुग्णाला अमरावतीस न्यावे लागते. दुसऱ्याचा अपघात दिसला तर पोलिसांच्या लचांडाच्या भीतीने पुढे जाऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले असून सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

परतवाड्यात उतरल्यावर दहा मिनिटे थांबावे. चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी, एखादे चाक इतरांपेक्षा फारच तापले असेल तर त्याचा ब्रेक अडकतो आहे असे समजावे आणि तिथल्याच गॅरेजमध्ये दाखवावे. घाट संपला म्हणून चालक सैल सोडतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर त्याला डुलकी लागते. अमरावतीत चहा-पाणी करून चालक बदलता आला तर बदलावा. नेरच्या पुढे रात्री दिवे नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यात असतात, तिथे वेग साठच्या आत ठेवावा. दारव्ह्यात परतल्यावर आठवड्याच्या आत ब्रेकचे लाइनर आणि तेलाची पातळी पुन्हा एकदा तपासून घ्यावी. घाटात एकदा तापलेले लाइनर वरून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि नंतर सपाटीवरही नीट धरत नाहीत.